साखर सोडून गोळ्या घेतल्या, तरी वजन का हलत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 41, उंची 158 सेंटिमीटर, वजन 72 किलो. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चार महिन्यांपूर्वी साखर बंद करून शुगर-फ्रीच्या गोळ्या सुरू केल्या. वजन उतरलं तर नाहीच, उलट किलोभर वाढलं. आता कुणी म्हणतं या गोळ्यांनीच वजन वाढतं, कुणी म्हणतं कॅन्सर होतो, आणि जाऊबाई म्हणतात त्यापेक्षा गुळाचा चहा घे. यजमानांना मधुमेह आहे, तेव्हा गणपतीत त्यांच्यासाठी शुगर-फ्री मोदक करावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

गोळ्या चालू ठेवू की बंद करू, असं तुम्ही विचारता आहात. पण त्याआधी दोन गोष्टी मोजायला हव्यात: चहातून नेमकं किती गेलं, आणि तेवढंच दुसऱ्या वाटेनं घरात परत आलं का. गोळीत वजन उतरवणारं काहीच नसतं. ती साखरेच्या जागी बसते, एवढंच तिचं काम. त्यामुळे तिचा फायदा जास्तीत जास्त त्या साखरेइतका असू शकतो, त्याहून कणभरही जास्त नाही.

आधी साखरेचा हिशेब. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण पाच ग्रॅम साखर बसते, शिगोशीग भरला तर सात-आठ. एका ग्रॅमला चार कॅलरी. आठ सपाट चमचे म्हणजे 40 ग्रॅम, म्हणजे रोजच्या 160 कॅलरी. चार महिन्यांत त्या 19,000च्या आसपास जातात. एक किलो चरबीमागे 7,700 कॅलरी हा ढोबळ आकडा धरून भागाकार केला तर अडीच किलो येतात. प्रत्यक्षात एवढं उतरत नाही, कारण खाणं कमी झालं की शरीरही खर्चाला हात आखडता घेतं. तरी दीड किलोच्या आसपास फरक दिसायला हवा होता, बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं असतं तर. तो 'तर'च बहुतेक घरांत गळतो.

आता त्याच कपातलं दूध बघा. तुम्ही दुधाचा प्रकार लिहिलेला नाही, त्यामुळे अंदाजाने बोलतो. पिशवीतलं फुल क्रीम दूध, म्हणजे सहा टक्के फॅटचं, 100 मिलिलिटरला साधारण 87 कॅलरी देतं. तीन टक्क्यांचं टोन्ड दूध 58 च्या आसपास. निम्मं दूध घातलेला घट्ट अमृततुल्य पद्धतीचा चहा चार मोठे कप घेतला तर दूध सहज 400 मिलिलिटर होतं. फुल क्रीम असेल तर त्या झाल्या जवळपास 350 कॅलरी. म्हणजे जिच्या मागे सगळे हात धुऊन लागतात त्या साखरेच्या दुपटीहून जास्त कॅलरी दुधातून येतायत आणि त्याकडे कुणी बघत नाही. टोन्ड दूध घेतलं तर तिथेच 115 कॅलरी वाचतात. दूध एक भाग आणि पाणी दोन भाग केलं तर आणखी. दूध वाईट असं म्हणत नाहीये मी. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. पण चहातलं दूध आपण 'प्यायलो' असं धरत नाही, आणि मग रात्री झोपताना वेगळा कप घेतो.

तिसरी गोष्ट बशीतली. एका ग्लुकोज किंवा मारी बिस्किटात साधारण 25 कॅलरी, एका खारीत 50 च्या आसपास. चार चहांबरोबर दोन-दोन बिस्किटं म्हणजे 200. आहाराची डायरी लिहायला सांगितली की इथेच बहुतेकांची गाठ सापडते. साखर बंद केली त्या आठवड्यापासून बशीत एक बिस्किट वाढलेलं असतं, आणि ते वाढवलं असं कुणालाच आठवत नाही. मनात हिशेब झालेला असतो की चहात साखर नाही, मग एक खारी चालेल. दुसरं म्हणजे गोड लागलं तरी पोटात काही गेलेलं नसतं. दुपारी साडेचार-पाचच्या चहात 40 कॅलरींची साखर थोडी तरी भूक मारत होती. ती गेली की सहा वाजता चिवड्याच्या डब्याकडे हात जातो. 50 ग्रॅम तळलेल्या चिवड्यात 250 च्या पुढे कॅलरी असतात. दिवसभरात गोळ्यांनी वाचवलेलं सगळं एका वाटीत परत.

म्हणून आठवडाभर एक काम करा. आहारात काहीही न बदलता, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट तेव्हाच्या तेव्हा लिहा. रात्री आठवून लिहू नका, रात्री आठवतं ते जेवण, चिमटी-चिमटी आठवत नाही. मुलांच्या ताटात उरलेला घास, भाजी करताना खाल्लेले दाणे, नैवेद्याचा शिरा, सगळं. कॅलरी मोजायची घाई नको. सात दिवसांनी वाचलं की तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि ते वाढलेलं एक किलो. त्याची फार काळजी करू नका. पाळीच्या आधी, खारट जेवणानंतर, पोट साफ नसताना वजन एक-दीड किलो वर-खाली होतंच. ते पाणी असतं. सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आठवड्यातून तीन वेळा वजन करा आणि त्याची सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्याला आठवड्याच्या सरासरीपुढे किंमत नाही. त्यासोबत पोटाचा घेर मोजा: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही धोक्याची रेघ मानतात. अनेकदा काटा अडून बसलेला असताना टेप आधी हलतो.

आता 'गोळ्यांनीच वजन वाढतं' हे कुठून आलं ते पाहू, कारण ते अगदीच निराधार नाही. 15 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढली की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून साखरेतर गोडवे, म्हणजे तुमच्या गोळ्यांतल्यासारखे साखरेशिवाय गोडी देणारे पदार्थ, वापरू नयेत. बातम्यांमध्ये तेवढंच आलं. त्यामागचे आकडे जास्त बोलके आहेत. त्यांनी दोन प्रकारचे अभ्यास एकत्र करून तपासले. पहिल्या प्रकारात लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटतात, एका गटाला गोडवा देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि वजन मोजतात. अशा चाचण्यांत गोडवा घेणाऱ्यांचं वजन सरासरी 0.71 किलो कमी भरलं. दुसऱ्या प्रकारात लोक आपापलं खातात, संशोधक वर्षानुवर्षं नुसते नोंदी ठेवतात. त्यात गोडवा जास्त घेणाऱ्यांमध्ये लठ्ठपणाची शक्यता 76 टक्के अधिक दिसली.

एकच वस्तू, दोन उलट उत्तरं. यातली गोम अशी की शुगर-फ्री घेतं कोण? ज्याचं वजन आधीच वाढायला लागलंय किंवा ज्याच्या घरात मधुमेह आहे, तो. छत्री घेतलेल्यांच्या गावात पाऊस जास्त पडतो, म्हणून छत्रीमुळे पाऊस पडतो असं होत नाही. हा घोटाळा नोंदींच्या अभ्यासातून पूर्ण काढून टाकता येत नाही, आणि म्हणूनच संघटनेनं ही शिफारस 'सशर्त' अशी दिली. शिवाय ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. म्हणजे तुमच्या यजमानांना नाही.

तरी मी चाचण्यांच्या बाजूनं टाळ्या वाजवणार नाही, कारण 0.71 किलो हा आकडाही नीट वाचायला हवा. फायदा दिसला तो मुख्यतः जिथे गोडवा साखरेच्या जागी आला तिथे. नेदरलँड्समध्ये 4 ते 11 वर्षांच्या 641 मुलांवर दीड वर्ष चाललेली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 250 मिलिलिटरचा एक डबा, निम्म्यांना साखरेचा, निम्म्यांना गोडव्याचा, आणि मुलांना माहीत नाही कोणता. वाढत्या वयामुळे दोन्ही गटांचं वजन वाढलं, पण साखरवाल्यांचं 7.37 किलो आणि बिनसाखरवाल्यांचं 6.35. रोजच्या एका डब्यानं एक किलोचा फरक. मुलांना गोडवे द्या असा याचा अर्थ घेऊ नका, मुलांना दोन्ही डब्यांची गरज नसते. पण पेयातली साखर काय करते ते यातून स्वच्छ दिसतं.

गोडव्याची तुलना पाण्याशी केली की चित्र धूसर होतं. अमेरिकेतल्या वर्षभराच्या एका चाचणीत डाएट पेयं पिणाऱ्यांचं वजन पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. तिला पैसा तिथल्या शीतपेय उत्पादकांच्या संघटनेचा होता, हे लक्षात ठेवून वाचावं. इराणमध्ये वजन कमी करणाऱ्या बायकांवर झालेल्या चाचणीत नेमकं उलटं निघालं, पाणी पिणाऱ्या पुढे गेल्या. माझा निष्कर्ष व्यवहारापुरता आहे. जो रोज दोन बाटल्या कोला पितो त्यानं डाएट कोलावर जाणं हा खरा फायदा, कारण 300 मिलिलिटर साध्या कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असते. जो पाणी पितो त्यानं वजनासाठी म्हणून डाएट कोला सुरू करण्यात काहीच अर्थ नाही.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा अभ्यास आपल्याकडचाच आहे. चेन्नईत मधुमेह असलेल्या 179 जणांवर 12 आठवडे केलेली चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. चहा-कॉफीतल्या साखरेच्या जागी सुक्रालोज हा गोडवा, बाकी आहार तसाच. वजन आणि पोटाचा घेर थोडे कमी झाले, रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बदलली नाही. थोडे म्हणजे खरंच थोडे. चहापुरती साखर बदलून एवढंच मिळतं. फायदा आहे, चमत्कार नाही, आणि प्रत्येक चहाबरोबरच्या एका खारीनं तो पुसला जाऊ शकतो.

सगळे गोडवे एका माळेचे मणी नाहीत हेही खरं. 2019 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत 12 आठवडे वेगवेगळे गोडवे घातलेली पेयं दिली, तेव्हा सॅकरिनवाल्यांचं वजन साखरवाल्यांसारखंच वाढलं, सुक्रालोजवाल्यांचं किंचित उतरलं. 2022 मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी 120 निरोगी लोकांत दाखवलं की दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रालोज घेतल्यावर ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत काहींची साखर आधीपेक्षा जास्त चढली. आतड्यातल्या जिवाणूंचा त्यात हात असावा, आणि परिणाम माणसागणिक बदलत होता. ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियात तो दिसला नाही. यावरून कुणी एकच सर्वांत सुरक्षित गोळी ठरवून देत असेल तर घाई होतेय. मी एवढंच म्हणेन की सॅकरिन शेवटचा पर्याय ठेवावा. त्याची कडवट चव तशीही चहा बिघडवते.

कॅन्सरचं. जुलै 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेमला '2ब' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. हा गट पुराव्याचा दर्जा सांगतो, धोका किती हे सांगत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. त्याच दिवशी अन्नातल्या रसायनांवरच्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली. तुमच्यासाठी ती 2,880 मिलिग्रॅम होते. चहाच्या एका गोळीत साधारण 18 ते 20 मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असतं, म्हणजे रोजच्या आठ गोळ्यांचे 160. मर्यादेच्या सहा टक्क्यांच्या आत. चहातल्या गोळ्यांमुळे झोप उडवून घ्यावी असं यात काही नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा दुर्मीळ जन्मजात आजार असेल त्यांनी मात्र ॲस्पार्टेम अजिबात घ्यायचं नाही, आणि पाकिटावर तसा इशारा छापणं बंधनकारक आहे.

जाऊबाईंच्या गुळाकडे वळू. 100 ग्रॅम गुळात 380 च्या आसपास कॅलरी, साखरेत 400. गूळ कमी गोड लागतो म्हणून पडतो जास्त. लोह असतं, पण चहात पडणाऱ्या दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य, आणि वर चहातलं टॅनिन तेही शोषू देत नाही. चवीसाठी गुळाचा चहा जरूर घ्या, वजनाच्या नावाखाली घेऊ नका. मध आणि ब्राउन शुगर यांचीही तीच कथा.

पाकीट वाचायला शिका, कारण 'शुगर-फ्री' या शब्दात बरंच काही लपतं. गोळ्यांमध्ये गोडवा इतका तीव्र असतो की कॅलरी नावालाच. ॲस्पार्टेम साखरेच्या 200 पट गोड, सुक्रालोज 600 पट. म्हणूनच पुडीत नुसता गोडवा भरता येत नाही, हाताला लागण्याइतकी भुकटी व्हावी म्हणून लॅक्टोज, डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. एका पुडीत तीन-चार कॅलरी असतात, त्यानं बिघडत नाही. स्टीव्हियाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मोठ्या पिशव्यांत मात्र घटकांच्या यादीत पहिला शब्द कोणता ते बघा. तो एरिथ्रिटॉल हा गोडवा असेल तर कॅलरी जवळपास शून्य, पण 2023 मध्ये रक्तातलं त्याचं प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध सुचवणारा अभ्यास आला. शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे त्यावरून पक्कं काही म्हणता येत नाही, पण ज्यांना हृदयविकार झालाय त्यांनी चमचे-चमचे घेऊ नये. पहिला शब्द माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ती पिठूळ साखरच समजा.

सुक्रालोजच्या जन्माची गोष्ट मराठी माणसाला सांगण्यासारखी आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस काम करत होते. साखरेपासून बनवलेलं एक क्लोरीनयुक्त संयुग 'टेस्ट' करायला सांगितलं, म्हणजे तपासायला. फडणीसांनी ते 'टेस्ट' असं ऐकलं, म्हणजे चाखायला, आणि खुशाल जिभेवर ठेवलं. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, तेव्हा त्यांना दोष कसा द्यायचा!

आता स्वयंपाकात काय चालतं ते पाहू. ॲस्पार्टेम उकळीत टिकत नाही, फुटतं आणि गोडी जाते. चहा गाळून कपात ओतल्यावर गोळी टाका. पातेल्यात टाकली की गोडी कमी लागते, मग दोनाच्या तीन होतात. सुक्रालोज उकळीला टिकतं, म्हणून बासुंदी, खीर, श्रीखंड यांना चालतं. तळणाला आणि भट्टीला ते वापरू नका. 120 अंशांच्या वर ते फुटू लागतं आणि त्यातून नको ती क्लोरीनची संयुगं तयार होऊ शकतात, म्हणून शंकरपाळ्यांत आणि नानकटाईत नको. शिवाय साखर फक्त गोडी देत नाही. ती वजन देते, रंग देते, धरून ठेवते, टिकवते. सुक्रालोजचा एकतारी पाक होत नाही, म्हणून रव्याचे लाडू वळले जात नाहीत. साखरांब्यात साखर पाणी बांधून ठेवते म्हणून बुरशी येत नाही. गोडवा घालून केलेला साखरांबा बरणीत ठेवला तर आठवड्यात पांढरी साय धरेल.

बाजारच्या शुगर-फ्री मिठाईबद्दल जरा कडक बोलतो. काजू कतलीतून साखर काढली तरी काजू राहतो, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. पेढ्यातून काढली तरी खवा राहतो. साखरेचं वजन भरून काढायला बहुतेक वेळा माल्टिटॉल नावाचा गोडवा घालतात, त्याच्या ग्रॅमला दोन-सव्वादोन कॅलरी असतात आणि तो रक्तातली साखर चढवतोही, फक्त जरा सावकाश. जास्त खाल्लं तर पोट गुडगुडतं, जुलाब होतात. पाकिटावर बारीक अक्षरात 'पॉलिऑल्समुळे (म्हणजे माल्टिटॉलसारख्या गोडव्यांमुळे) रेचक परिणाम होऊ शकतो' असं असतं ते यासाठीच. आणि सगळ्यात मोठा तोटा हा की साधी कतली दोन खाणारा माणूस शुगर-फ्री पाच खातो.

आता मोदक. एका मध्यम उकडीच्या मोदकात साधारण 20 ग्रॅम तांदळाची पिठी, 15 ते 20 ग्रॅम ओला नारळ, 10 ते 12 ग्रॅम गूळ. कॅलरी पावणेदोनशेच्या आसपास, त्यातल्या गुळाच्या 45. गूळ काढून गोडवा घातलात तर 130 तशाच राहतात, रक्तातली साखर चढवणारी पिठीही तशीच. वर सारण सुटं पडतं, कारण त्याला धरून ठेवणारा गूळच नाही. यजमानांना नेहमीचेच एक किंवा दोन मोदक द्या, जेवणाच्या सुरुवातीला नको, वरण-भाजी-कोशिंबीर खाऊन झाल्यावर, आणि त्या दिवशी भाताची मूद पानातून काढा. वरचं तूप एक छोटा चमचा. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा येणाऱ्या नैवेद्याचा शुगर-फ्री अवतार करू नये. रोजचा चहा बदलावा.

यजमानांसाठी एक सूचना कृपया विसरू नका. त्यांना मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि त्यांनी चहातली साखर एकदम बंद केली असेल, तर रक्तातली साखर कमी पडण्याचा धोका वाढतो. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड ही लक्षणं दिसली की लगेच खरी साखर किंवा ग्लुकोज 15 ग्रॅम पाण्यात घालून द्यायची, म्हणजे तीन सपाट चमचे, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा वेळी शुगर-फ्रीचा काहीही उपयोग होत नाही. घरातून साखरेचा डबा हद्दपार केलेला असतो आणि नेमकी तेव्हाच शोधाशोध होते. एक छोटी बाटली कपाटात ठेवाच. आणि आहार बदलण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांना विचारा.

तुमच्यासाठी मी सुचवेन ते असं. गोळ्या आज बंद करू नका. त्या बंद करून साखरेवर परत गेलात तर 160 कॅलरी परत येतील. पण त्या कायमच्याही नकोत, कारण दोन चमच्यांइतकी गोडी जिभेला हवीच हे त्या पक्कं करत राहतात, आणि मग बाहेरचा कमी गोड चहाही फिका वाटतो. पहिले तीन आठवडे दोनाऐवजी दीड गोळी. अर्धी गोळी नीट मोडत नाही, भुगा होतो, म्हणून ठिबकणाऱ्या बाटलीतला गोडवा घेतलात तर सोपं पडेल. मग तीन आठवडे एक, मग अर्धी. जीभ सवयीची असते, हळूहळू कमी गोड तिला पुरेसं गोड लागायला लागतं. आलं किंवा वेलदोडा घातला की उणीव कमी जाणवते. तुमचा आवडता कप सगळ्यात शेवटी सोडवायला ठेवा.

त्याच काळात दूध टोन्ड करा, पाण्याचा भाग वाढवा, आणि चार कपांचे तीन करा, संध्याकाळी सहानंतरचा सोडा, म्हणजे झोपही सुधारेल. पाचच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी 30 ग्रॅम फुटाणे. त्यात 110 च्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे दोन बिस्किटांपेक्षा जास्तच, पण सहा ग्रॅम प्रथिनं आहेत आणि रात्रीच्या जेवणापर्यंत डबा उघडावा लागत नाही. शुगर-फ्री किंवा मल्टिग्रेन बिस्किटांच्या मोहात पडू नका, मैदा आणि तेल तिथेही तेवढंच असतं.

किती फरक पडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: दूध कोणतं होतं, बशीत काय होतं, दिवसभर उभं राहून काम करता की बसून, पाळी नियमित आहे का. हे बदल खरोखर पाळले तर दिवसाला अडीचशे-तीनशे कॅलरी कमी होणं शक्य आहे, आणि त्यानं महिन्याला एक किलोच्या जवळपास उतरावं. आठ आठवड्यांनी आठवड्याच्या सरासरीत आणि पोटाच्या घेरात काहीच फरक नसेल, तर चहा सोडून दुसरीकडे बघायला हवं. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, आणि स्टेरॉइड, काही मनोविकाराची औषधं किंवा गर्भनिरोधक इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी वजन वाढू शकतं. तेव्हा परत लिहाल तर आठवडाभराची डायरी आणि दुधाच्या पिशवीवरचा फॅटचा आकडा सोबत द्या.